सरासरीतला पाऊस: सत्राच्या मध्यावर घेतलेल्या फीडबॅकचं एक प्रकरण

26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस मोजला गेला. त्याच 24 तासांत कुलाब्याला भरला 73. दोन्हींची सरासरी काढली तर सुमारे 508 येते. गणितात चूक नाही. पण कुलाब्याच्या माणसाला हा आकडा सांगितला तर तो म्हणेल, काहीतरीच काय. आणि त्या रात्री सांताक्रूझजवळच्या कलिन्यात छातीभर पाण्यात उभ्या असलेल्या माणसाला तर ती थट्टाच वाटेल.

हे उदाहरण मी आता संख्याशास्त्राच्या वर्गात देते. वर्गात येण्याआधी ते माझ्यावरच उलटलं होतं, त्याची ही हकिगत.

वर्ग

कॉलेज मध्य रेल्वेच्या एका स्टेशनापासून दहा मिनिटांच्या चालीवर. द्वितीय वर्ष बी.ए., तिसरं सत्र, अर्थशास्त्राच्या मुलांसाठी संख्याशास्त्र. पटावर 71. लेक्चर सकाळी 7:20 चं, 48 मिनिटांचं. घरी मराठी बोलणारीच बहुतेक मुलं, पण बारावीपर्यंत निम्मी मराठी माध्यमातली आणि निम्मी इंग्रजी. मराठी माध्यमातली बरीचशी कल्याणच्या पलीकडची. कल्याणला लाइनीला फाटा फुटतो, एक कसाऱ्याकडे जातो आणि दुसरा कर्जतकडे. सीएसएमटीपासून कर्जत 100 किलोमीटर, कसारा 121. तिथून 7:20 ला पोचायचं म्हणजे घरातून कधी निघायचं, हा हिशेब मी तोवर कधी केलाच नव्हता.

कागदोपत्री माध्यम इंग्रजी. प्रत्यक्षात मी बोलते ती मुंबईच्या कॉलेजांत बोलली जाणारी भेसळ: व्याख्या इंग्रजीत, समजावणं मराठीत, रागावणं दोन्हींत.

या वर्गाचा फीडबॅक यापूर्वी घेतला जात नव्हता असं नाही. सत्र संपताना मुलांना ऑनलाइन फॉर्म यायचा. वीस प्रश्न, प्रत्येकाला एक ते पाच गुण. परीक्षेच्या धामधुमीत मुलं तो लोकलमध्ये उभ्या उभ्या भरायची, वरपासून खालपर्यंत चार-चार-चार. डिसेंबरात माझ्या हातात एक पान पडायचं: सरासरी 3.9. तोवर ती मुलं चौथ्या सत्रात दुसऱ्या कुणाच्या तरी वर्गात बसलेली असायची. वरातीमागून घोडं. फाइलला मात्र ते पान लागतंच. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या निकषांत फीडबॅक घेतलात का, त्याचं विश्लेषण केलंत का, त्यावर काय केलंत, हे सगळं विचारलं जातं. विचारण्यात गैर काही नाही, उत्तर फाइलपुरतंच तयार होतं हा आमचा दोष.

गेल्या वर्षी पाचव्या आठवड्यात मी 20 गुणांची छोटी चाचणी घेतली. 63 मुलांनी दिली. सरासरी आली 10. स्टाफरूममध्ये मी म्हटलंसुद्धा, ‘मध्यम वर्ग आहे या वेळी.’ मग सवयीने वारंवारता मांडली, म्हणजे किती गुणांची किती मुलं, आणि खडू हातातच राहिला. सातच्या खाली 26 मुलं. चौदाच्या वर 21. जिच्या नावाने मी वर्गाला मध्यम म्हटलं होतं त्या दहाच्या आसपास, म्हणजे 9 ते 11 मध्ये, मुलं होती चार. एक वर्ग म्हणून मी ज्यांना शिकवत होते ते दोन वर्ग होते, आणि त्या दोहोंच्या मधल्या रिकाम्या बाकांकडे बघून मी बोलत होते.

चिठ्ठ्या

सहाव्या आठवड्यात लेक्चरची शेवटची दहा मिनिटं राखून ठेवली आणि अर्धे फाडलेले कोरे कागद वाटले. तासाच्या शेवटी मिनिटभरात काहीतरी लिहून घेण्याची ही पद्धत अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ चार्ल्स श्वार्ट्झ यांच्या नावाने सांगितली जाते. मी तिचीच जरा लांबवलेली आवृत्ती केली. प्रश्न तीन. या विषयात आतापर्यंत तुम्हाला शिकायला कशाची मदत झाली? कुठे अडतं आणि कशामुळे? मी काय बदलावं, आणि तुम्ही स्वतः काय बदलाल? खाली एक खुणेचा प्रश्न: वेग कसा वाटतो? हळू, ठीक, जलद.

‘मॅम शिकवतात कशा?’ हा प्रश्न मुद्दामच ठेवला नाही. त्याचं उत्तर ‘छान’ येतं. मराठी मुलगा मॅमच्या तोंडावर दुसरं काही लिहीत नाही, आणि लिहिलं तर ते वाचवत नाही.

फळ्यावर आणखी एक वाक्य लिहिलं: नाव नको, आणि हव्या त्या भाषेत लिहा. हे दुसरं मी सहज लिहिलं होतं, पण तेच सगळ्यात उपयोगी ठरलं. आधीच्या फॉर्मात इंग्रजीत ‘गुड’, ‘नाइस टीचिंग’, ‘नो सजेशन’ एवढंच असायचं. आता चिठ्ठ्यांवर पाच-पाच ओळी होत्या. तक्रार करायची तर ती स्वतःच्या भाषेत करावी लागते. परक्या भाषेत माणूस आभार मानून मोकळा होतो.

58 हजर, चिठ्ठ्या आल्या 56. त्यातल्या अकरा चिठ्ठ्यांत एक गोष्ट होती जी माझ्या स्वप्नातही नव्हती. एकीवर तर तेवढंच लिहिलेलं: ‘मॅम, पंखा.’ तिसऱ्या बाकावरचा पंखा घरघरतो, चालू केला की मागच्या चार बाकांना काही ऐकू येत नाही, बंद केला की जुलैच्या दमटपणात जीव नको होतो. पाच वर्षं मी त्या खोलीत शिकवत होते. वीस प्रश्नांच्या फॉर्मात ‘भौतिक सुविधा समाधानकारक आहेत का’ या रकान्यात तो पंखा पाच वर्षं चार गुण मिळवत होता. कॉलेजच्या इलेक्ट्रिशियनने अर्ध्या तासात दुरुस्त केला.

वेगाचं काय? हळू म्हणणारे 15, ठीक म्हणणारे 12, जलद म्हणणारे 29. हळूला 1, ठीकला 2, जलदला 3 असे आकडे दिले तर सरासरी 2.25. म्हणजे वेग ठीक आहे, किंचित जास्त. हे वाक्य अहवालात किती शोभून दिसलं असतं! आणि 56 पैकी 44 जणांच्या बाबतीत ते खोटं होतं.

इथवर मी हुशार होते. पुढे नाही.

दोन चुका

पहिली चूक मोठी. चिठ्ठ्या घेतल्यावर वर्गात जाऊन त्यांबद्दल बोलायचं असतं, एवढं मला ठाऊक होतं. मी काही चिठ्ठ्या टाइप करून प्रोजेक्टरवर लावल्या, जशाच्या तशा, पारदर्शकतेच्या हौसेने. त्यात एक होती: ‘मी कसाऱ्याहून येते. पहाटे साडेतीनला उठते. आल्यावर तुम्ही सगळ्यांसमोर उशीर का म्हणून विचारता, त्यानंतर दहा मिनिटं माझं डोकं चालत नाही.’

नाव नव्हतं. नावाची गरजही नव्हती, कसाऱ्याहून येणारी मुलगी वर्गात एकच होती. 50 माना एकदम मागे वळल्या. त्या वळलेल्या माना बघितल्यावर मला कळलं की मी काय करून बसले आहे.

पुढची तीन लेक्चर्स ती आली नाही. चौथ्या दिवशी जिन्यात दिसली. मी तिला थांबवलं आणि माफी मागितली.

‘सॉरी कशाला मॅम,’ ती म्हणाली, ‘खरंच तर आहे ते. पण सगळे वळून बघायला लागले ना.’

‘चूक माझी होती. मी वाचण्याआधी विचार करायला हवा होता.’

‘आता सगळे विचारतात, साडेतीनला उठून काय करतेस म्हणून.’ जरा थांबून म्हणाली, ‘भाकरी करते आणि निघते. दुसरं काय करणार!’

चिठ्ठीवर नाव नसणं म्हणजे निनावी असणं नव्हे. मी 17 वर्षं पेपर तपासतेय, निम्म्या वर्गाचं हस्ताक्षर मला ओळखू येतं. खरं सांगायचं तर ‘उदाहरणं जुनाट आहेत’ ही चिठ्ठी कुणाची हे मी पहिल्या ओळीतच ओळखलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी त्या मुलाला प्रश्न विचारताना माझा आवाज जरा कोरडा झाला होता. त्याला जाणवलं की नाही माहीत नाही, मला जाणवलं. यावर एकच उपाय सापडला: चिठ्ठ्या मी वाचायच्याच नाहीत. दुसऱ्या विभागातल्या कुणीतरी त्या वाचून, सरमिसळ करून, ओळखीच्या खुणा काढून माझ्याकडे द्यायच्या.

दुसरी चूक शांतपणे झाली. 29 जण जलद म्हणतात ना, मग मी वेग कमी केला. दोन आठवडे. प्रमाण विचलनाचं, म्हणजे आकडे सरासरीपासून किती पसरलेत ते मोजण्याचं, एकच गणित दोनदा, मग तिसऱ्यांदा. याचा परिणाम असा झाला की पुढच्या बाकांवरची मुलं ब्लॅकलिस्टमध्ये न येण्यापुरती हजेरी सांभाळून गायब व्हायला लागली, आणि मागच्या बाकांवरच्या चेहऱ्यांवरचं धुकं तसंच राहिलं. मी हळू बोलत होते, त्यांना हळूहळूही कळत नव्हतं.

तिसऱ्या माणसाची वीस मिनिटं

मराठी विभागातले एक सर माझे जुने स्नेही. स्टाफरूममध्ये कटिंग घेताना त्यांच्यासमोर मी हे सगळं ओतलं. ते म्हणाले, ‘मॅडम, पेशंट म्हणाला अंग तापलंय, तुम्ही पंखा लावलात. ताप कशाचा ते बघितलंत का?’

त्यांना मी एक पद्धत सांगितली, जी मी फक्त वाचली होती. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठात 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला जोसेफ क्लार्क आणि मार्क रेडमंड यांनी ती बसवली. शिक्षक वर्गाबाहेर जातो. दुसरा एक प्राध्यापक आत येतो, मुलांचे चार-पाच जणांचे गट करतो. गटात बोलून मुलांनी ठरवायचं की शिकायला कशाची मदत होते, काय बदलावं आणि ते कसं बदलावं. मग प्रत्येक गटाचं म्हणणं फळ्यावर येतं आणि तो प्राध्यापक संपूर्ण वर्गाला विचारतो: हे सगळ्यांचं म्हणणं आहे की एका गटाचं? त्यानंतर तो शिक्षकाला एकट्याला भेटून सांगतो. चिठ्ठी एकदा लिहिली की तिला उलटा प्रश्न विचारता येत नाही, माणसाला येतो. या पद्धतीतली खरी मेख तीच.

पीटर कोहेन या संशोधकांनी 1980 मध्ये विद्यार्थ्यांच्या फीडबॅकवरचे तोवरचे अभ्यास एकत्र करून बघितले होते. सत्राच्या मध्यावर नुसते गुणांकनाचे आकडे शिक्षकाच्या हाती दिले तर शिकवण्यात थोडा फरक पडतो. ते आकडे घेऊन कुणी त्याच्याशी बसून बोललं तर फरक बराच जास्त पडतो. मला हे वाचून माहीत होतं, तरी मी चिठ्ठ्या घेऊन एकटीच बसले होते. का, तर लाज. आपला वर्ग दुसऱ्याने बघावा हे आमच्या धंद्यात अजून पचत नाही. वर्गाचं दार लावलं की आतला राजा आपण.

सरांनी आठव्या आठवड्यातल्या एका लेक्चरची शेवटची वीस मिनिटं घेतली. मी कॅन्टीनमध्ये जाऊन बसले. ती वीस मिनिटं लांबच लांब होती.

दुपारी ते आले, हातात एक वहीचं पान. ‘वेग जलद आहे म्हणजे काय, ते सांगा,’ असं त्यांनी गटांना विचारलं होतं. उत्तरं अशी आली.

मी 7:20 ला येते, फळ्यावर आजचं गणित मांडते, कोणतं चिन्ह कशासाठी ते लिहिते. साडेसातपर्यंत फळा भरतो. मग पुसते आणि सोडवायला घेते. कसारा-कर्जतकडची मुलं गाडी वेळेवर असली तर 7:30 ला येतात, नसली तर 7:35 ला. म्हणजे ती येतात तेव्हा मांडणी पुसली गेलेली असते आणि नुसती सोडवणूक दिसत असते. ज्याने प्रश्नच पाहिला नाही त्याला कोणत्याही वेगाने सांगितलेलं उत्तर जलदच वाटणार. मी तीच सोडवणूक तीनदा केली तरी मांडणी त्यांनी एकदाही पाहिलेली नव्हती.

दुसरी गोष्ट शब्दांची. दहावीच्या पुस्तकात या मुलांनी मध्य, मध्यक आणि बहुलक शिकलेलं होतं, उदाहरणं सोडवलेली होती, काहींना त्यात चांगले गुण होते. माझ्या वर्गात त्यांनी मीन, मीडियन, मोड ऐकलं आणि ते सगळं नवं आहे असं समजून घाबरली. एका गटाने सरांना सांगितलं, ‘मीडियन म्हणजे मध्यक हे आम्हाला चौथ्या आठवड्यात समजलं, तेही ट्रेनमध्ये.’ मी त्यांना येत असलेली गोष्ट दीड महिना शिकवत होते आणि त्यांना ती येत नव्हती.

तिसरी अगदी साधी: फळा पुसायची माझी घाई. मी बोलते तेव्हा मुलं उतरवतात, मी पुसते म्हणून आणखी घाईने उतरवतात, ऐकणं राहून जातं. सरांच्या पानावर एका मुलाचं वाक्य होतं, ‘मॅम हळू बोलल्या तरी चालेल, जलद बोलल्या तरी चालेल, डस्टर खाली ठेवा.’

काय केलं, काय नाही केलं

पुढच्या लेक्चरला पंधरा मिनिटं याच विषयाला दिली. प्रोजेक्टर नाही, कुणाची चिठ्ठी नाही. सरांच्या पानावरचे मुद्दे माझ्या शब्दांत सांगितले.

तासाची उलटापालट केली. 7:20 ते 7:32 कालचं एक गणित, आपापलं सोडवायचं. जे वेळेवर येतात त्यांचा सराव होतो आणि उशिरा येणाऱ्यांचं नवं काही बुडत नाही. नवा भाग 7:32 ला. फळ्याचा डावीकडचा तिसरा हिस्सा खडूने रेघ मारून वेगळा केला. तिथे मांडणी आणि चिन्हं राहणार, घंटा होईपर्यंत तिथे डस्टर लागणार नाही. उशिरा आलेल्याला ‘का’ म्हणून विचारणं बंद. हे शेवटचं मला जड गेलं, शिस्तीच्या माझ्या काही कल्पना आहेत. पण मध्य रेल्वेच्या वेळापत्रकाला शिस्त लावणं माझ्या हातात नव्हतं आणि त्याची शिक्षा मी त्या मुलांना देत होते.

शब्दांची यादी मुलांनीच केली. मराठी माध्यमातल्या पाच आणि इंग्रजी माध्यमातल्या पाच जणांनी मिळून, एका पानावर, दोन्ही भाषांत: सहसंबंध म्हणजे कोरिलेशन वगैरे. गेटसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे तिच्या प्रती निघाल्या. गंमत म्हणजे इंग्रजीवाल्या मुलांनीही ती मागून घेतली. स्टँडर्ड डेव्हिएशन हे नाव वर्षभर घोकूनही जे एका मुलीला लागलं नव्हतं ते ‘विचलन’ म्हटल्यावर लागलं. ‘म्हणजे ढळणं ना मॅम, सरासरीपासून किती ढळलं?’ अगदी तेच.

उदाहरणं जुनाट आहेत म्हणणाऱ्या मुलाचं म्हणणंही मान्य केलं. क्विंटलमधला गहू आणि काल्पनिक कारखान्यातले मजूर काढून टाकले. कुलाबा आणि सांताक्रूझचा पाऊस आला, तो असा. 944 आणि 73 फळ्यावर लिहून मी सरासरी काढायला सांगितली आणि विचारलं, हा आकडा कुणाच्या कामाचा? मागच्या बाकावरून उत्तर आलं, ‘कुणाच्याच नाही, पण पेपरात छापायला बरा.’ मग मी त्याच फळ्यावर त्यांच्या चिठ्ठ्यांतले वेगाचे आकडे लिहिले, 15, 12, 29. या आकड्यांत कुणाची ओळख लपलेली नव्हती, एवढं मी या वेळी तपासून घेतलं होतं. विचलन या धड्याला त्या दिवशी जेवढं लक्ष लागलं तेवढं आधी कधी लागलेलं मला आठवत नाही. आकडे त्यांचे स्वतःचे होते.

नाही म्हटलं तेही सांगते. तयार नोट्स द्या, हे 20 हून अधिक चिठ्ठ्यांत होतं. नाही. सोडवलेली गणितं देईन, नोट्स तुम्ही काढायच्या. इंटर्नलसाठी महत्त्वाचे प्रश्न सांगा, नाही. जोडीने गणितं सोडवायला लावू नका, तुम्हीच शिकवा, त्याने जास्त कळतं, असं म्हणणारेही बरेच होते. त्यांना मी 2019 मधला हार्वर्डचा एक अभ्यास सांगितला. भौतिकशास्त्राच्या वर्गात ज्या मुलांना स्वतः सोडवायला लावलं ती चाचणीत जास्त शिकलेली दिसली, पण आपण कमी शिकलो असं त्यांना वाटत होतं. छान व्याख्यान ऐकणाऱ्यांचं उलट. तेव्हा डोक्याला त्रास होतोय हे खरं, त्यावरून शिकणं होत नाही असं धरू नका. सगळ्यांना पटलं नाही. न पटलं तरी जोड्या चालूच राहणार होत्या, आणि कारण सांगितल्यावर निदान कुरकुर माझ्यासमोर व्हायला लागली.

7:20 चं लेक्चर नऊला करा, ही मागणी मी टाइमटेबल कमिटीकडे लेखी नेली. खोल्या नाहीत, दुपारी दुसरं सत्र भरतं. उत्तर नकारार्थी आलं ते तसंच वर्गात वाचून दाखवलं.

तिसऱ्या प्रश्नाचा उत्तरार्ध, म्हणजे तुम्ही काय बदलाल, बहुतेकांनी कोरा ठेवला होता किंवा ‘रोज अभ्यास करीन’ असं लिहिलं होतं. ते कुणीच मनावर घेतलं नाही, मीसुद्धा.

नंतरचे आकडे

अकराव्या आठवड्यात पाच मिनिटांची दुसरी फेरी. या वेळी चिठ्ठ्या मराठी विभागातल्या सरांनी घेतल्या आणि वाचल्या. 49 आल्या. जलद म्हणणारे 12, ठीक 27, हळू 10. याच आठवड्यातल्या चाचणीला 61 मुलं बसली. सातच्या खाली 14, चौदाच्या वर 23, आणि मधे 24. मधले बाक भरले होते.

पण मी संख्याशास्त्र शिकवते, त्यामुळे हे माझ्यामुळे झालं असं म्हणायला जीभ रेटत नाही. दुसरी चाचणी पहिलीपेक्षा सोपी असेल. परीक्षा जवळ आल्याने मुलं अभ्यासाला लागली असतील. जी सर्वांत मागे होती त्यातली काही त्या दिवशी आलीच नसतील. तुलनेसाठी दुसरा वर्ग नव्हता. पंखा दुरुस्त झाला होता, त्याचाही वाटा असेल, आणि तो वाटा वेगळा काढता येत नाही.

डिसेंबरात नेहमीचं पान हातात आलं. वीस प्रश्न, सरासरी 3.8. आदल्या वर्षीपेक्षा 0.1 ने कमी. विभागप्रमुखांनी चष्म्यावरून बघत विचारलं, ‘या वेळी काही झालं होतं का वर्गात?’ मी म्हटलं, ‘हो, बरंच.’ त्यांना वेळ नव्हता.

या वर्षी पहिली फेरी पाचव्या आठवड्यात ठेवली आहे, पहिल्या चाचणीच्या आदल्या दिवशी, म्हणजे गुणांचा राग चिठ्ठीवर उतरणार नाही. सर त्या दिवशी रजेवर असले तर भूगोल विभागातल्या मॅडम येणार आहेत. त्याच्या बदल्यात मी त्यांच्या वर्गात जायचं कबूल केलंय.

राहता राहिल्या दुसऱ्या फेरीतल्या ‘हळू’ म्हणणाऱ्या त्या दहा चिठ्ठ्या. सहाव्या आठवड्यात असे 15 होते. पाच कमी झाले, तेही बहुधा यायचे थांबले म्हणून. सरांनी खुणा काढून टाइप करून दिलेल्या त्यातल्या एकीवर लिहिलं होतं: ‘7:20 ला पोचतो आम्ही. आम्हाला जे येतं तेच रोज 12 मिनिटं का करायचं?’ त्यांच्यासाठी मी जरा अवघड गणितांचा एक कागद काढला, पाच जणांनी घेतला, दोघांनी सोडवून आणला. जे वेळेवर येतात त्यांची 12 मिनिटं मी उशिरा येणाऱ्यांना दिली, हे त्यांचं म्हणणं चूक नाही. त्यावर मला अजून काही सुचलेलं नाही. परवा फळ्यावर ती डावीकडची रेघ मारताना पहिल्या बाकावरच्या एकाने विचारलं, ‘मॅम, उजवीकडे आमच्यासाठी पण एक मारा ना.’